डोक्यावरचे पाच हजार

‘बाउंटी आहे ना? मग कॉल मार, विचार कसला करतोस!’ स्वारगेटच्या एसटी स्थानकाबाहेर, पणजीच्या रात्रीच्या गाडीची वाट बघत चहा पिणाऱ्या पोरांच्या घोळक्यात हे वाक्य कानावर पडलं तर दचकू नये. पोकर खेळणाऱ्यांमध्ये ते आता सुभाषितासारखं रुळलं आहे. जिथे समोरच्याला बाद केल्याबद्दल रोख बक्षीस मिळतं, तिथे पत्ते बघत बसणारा तो भित्रा, आणि दुर्री-सत्तीवरही चिप्स पुढे सरकवणारा तो मर्द, असा एकूण सूर. हा सूर खोटा आहे. अर्धा खरा असल्यामुळे तर जास्तच खोटा आहे.

या मंडळींना साडेचारशे किलोमीटरचा प्रवास का करावा लागतो, याचं उत्तर कायद्यात आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. कॅसिनोंसाठी राज्याने १९७६ साली वेगळा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. मोबाइलवरची वाट २२ ऑगस्ट २०२५ रोजी मिटली. त्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंदीच्या कक्षेत आले. उरली मांडवीच्या पात्रातली कॅसिनोंची जहाजं. त्यामुळे सातारा-कोल्हापूरच्या गाड्यांच्या गर्दीत, मेट्रोच्या भुयारातून वर येऊन पाठीवरची सॅक सावरणाऱ्यांमध्ये, शुक्रवारी रात्री एखादा पोकरवालाही असतो.

पत्त्यांकडे बघण्याची आपली नजरही गमतीशीर आहे. रमीत कौशल्याचा भाग मोठा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं. पोकरच्या वाट्याला असा एकमुखी कौल आला नाही. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकरला नशिबाच्या खेळात टाकलं. गंमत अशी, की ‘बाउंटी म्हणजे कॉल’ म्हणणारा खेळाडू एरवी चारचौघांत पोकर हा बुद्धीचा खेळ असल्याचं तावातावाने सांगतो, आणि टेबलावर बसला की स्वतःच तो लॉटरीचा खेळ करून टाकतो.

आधी त्याची बाजू नीट मांडू, कारण त्यात तथ्य आहे. एक छोटी स्पर्धा घ्या. प्रवेश १०,००० रुपये, आयोजकांचं शुल्क वेगळं. त्यातले ५,००० बक्षिसांच्या गंगाजळीत जातात आणि ५,००० प्रत्येकाच्या डोक्यावर इनाम म्हणून बसतात. खेळायला बसताना चिप्सच्या गठ्ठ्यासोबत एक वेगळ्या रंगाची बाउंटी चिप मिळते. ती सगळ्यांना दिसेल अशी समोर ठेवायची, आणि बाद झाल्यावर बाद करणाऱ्याच्या हातात द्यायची. वीस खेळाडू, प्रत्येकाला २०,००० चिप्स. म्हणजे टेबलांवर एकूण चार लाख चिप्स आणि बक्षिसांत एक लाख रुपये. एका रुपयाला चार चिप्स. या हिशेबाने एका डोक्यावरचे ५,००० रुपये म्हणजे २०,००० चिप्स, अख्खा सुरुवातीचा गठ्ठा!

आता सुरुवातीच्या टप्प्यातला एक डाव. ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने भरायच्या रकमा, ५०० आणि १,०००; वर मोठ्या ब्लाइंडवाल्याने भरलेला अँटी १,०००. कुणीतरी आपले उरलेले १०,००० घेऊन ऑल-इन जातो, बाकी सगळे पत्ते टाकतात आणि निर्णय मोठ्या ब्लाइंडवर बसलेल्याकडे येतो. मध्ये १२,५०० चिप्स जमल्या आहेत, कॉल करायला, म्हणजे त्याची बरोबरी करून डावात राहायला, ९,००० लागतील. साध्या स्पर्धेत ९,००० ला एकूण २१,५०० ने भागायचं: जिंकण्याची शक्यता ४२ टक्के असेल तर कॉल परवडतो. बाउंटी स्पर्धेत त्या २१,५०० मध्ये इनामाच्या २०,००० चिप्स मिळवायच्या. भागाकार येतो २२ टक्क्यांच्या जरा खाली.

बेचाळीसवरून बावीस. एवढी मोठी घसरण बघितल्यावर कुणालाही वाटेल की आपला घोळक्यातला मित्र बरोबर बोलत होता. एक्का-राजासमोर दश्शी-नव्वी साधारण ३५ ते ४० टक्के वेळा जिंकते. साध्या स्पर्धेत टाकावी लागणारी ही जोडगोळी इथे डोळे झाकून कॉल आहे. जो या जागी साध्या स्पर्धेसारखा खेळतो, तो पैसे टेबलावर सोडून उठतो. इथवर वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो, कारण मित्र इथेच थांबतो. त्याने एका टप्प्यावरचा आकडा पाठ केला आणि तो रात्रभर वापरला. मार्केट यार्डात पहाटेचा भाव धरून दुपारी कोथिंबीर घेणाऱ्यासारखं हे झालं.

त्याच स्पर्धेत तीन तास पुढे चला. ब्लाइंड आता ५,००० आणि १०,०००, अँटी १०,०००. ऑल-इन जाणाऱ्याकडे एक लाख चिप्स आहेत, म्हणजे आधीसारखेच दहा ब्लाइंड. डावाचा आकार हुबेहूब तोच, फक्त दहापट. मध्ये सव्वा लाख, कॉलला ९०,०००. इनामाशिवाय लागणारी टक्केवारी तीच, ४२. पण डोक्यावरचे ५,००० रुपये अजून ५,०००च आहेत आणि त्यांच्या चिप्स अजून २०,०००च होतात. आता ९०,००० ला २,३५,००० ने भागायचं, उत्तर ३८ टक्के. जी सूट सुरुवातीला वीस टक्क्यांची होती ती चारवर आली. ठरावीक इनामाच्या स्पर्धेत इनाम वाढत नाही, डाव वाढतो. तरीही मध्यरात्री दोन वाजता दश्शी-नव्वीवर तीच आरोळी ऐकू येते: बाउंटी आहे ना?

हा हिशेबही उदार आहे, कारण त्यात प्रत्येक चिपची किंमत सारखी धरली. स्पर्धेत ती सारखी नसते. शेवटचे चार खेळाडू उरले असताना आणि बक्षीस तिघांनाच असताना गमावलेली चिप ही कमावलेल्या चिपेपेक्षा महाग असते. ती किती महाग, हे मोजण्याची रीत पोकरमध्ये आली ती घोड्यांच्या शर्यतीवरून. डेव्हिड हार्विल या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली एक सूत्र मांडलं: शर्यतीत कोणता घोडा पहिला येण्याची शक्यता किती, एवढं माहीत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या शक्यता कशा काढायच्या. पुढे मेसन माल्मुथने तेच पोकरच्या चिप्सना लावलं, आणि खेळाडू त्याला आज आयसीएम म्हणतात. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात ‘प्लेस’चा पैसा लावणारे जुने शौकीन हा विचार कुठलंही सूत्र न शिकता करत आले आहेत: माझा घोडा पहिला नाही आला तर दुसरा-तिसरा तरी किती वेळा येईल?

आपल्या स्पर्धेला तो लावून बघू. चार खेळाडू, प्रत्येकाकडे एक लाख चिप्स. बक्षिसं ५०,०००, ३०,००० आणि २०,०००, चौथ्याला काही नाही. सगळे सारखे, म्हणून प्रत्येकाच्या गठ्ठ्याची किंमत २५,००० रुपये. आता त्यातला एक दुसऱ्याला ऑल-इनमध्ये हरवून दोन लाखांवर गेला तर त्याची किंमत ५०,००० होते का? नाही. पहिला येण्याची त्याची शक्यता निम्मी, दुसरा येण्याची एक-तृतीयांश, तिसरा येण्याची एक-षष्ठांश. तिन्ही बक्षिसांना आपापल्या शक्यतेने गुणून बेरीज केली की ३८,३३३ रुपये. चिप्स दुप्पट झाल्या, किंमत दीडपटीच्या थोडी वर गेली. ब्लाइंड बाजूला ठेवले तर २५,००० पणाला लावून ३८,३३३ मिळवायला ६५ टक्के जिंकावं लागतं. नाणेफेकीचा डाव इथे सरळ तोट्याचा आहे.

मित्र म्हणेल, पण इनाम? मिळवा. ३८,३३३ मध्ये ५,००० घातले की ४३,३३३, आणि लागणारी टक्केवारी ५८ च्या जरा खाली येते. समोरच्याने चुकून पत्ते उघडे केले आणि ते एक्का-राजा निघाले, आपल्या हातात राणींची जोडी आहे, तर ती साधारण ५७ टक्के जिंकते. म्हणजे राणींची जोडी, समोरचे पत्ते दिसत असताना, इनाम धरूनही काठावर टाकावी लागते! नाणेफेकीचा डाव परवडायचा तर त्या डोक्यावर ११,६०० रुपयांच्या वर इनाम हवं. ५,००० त्याच्या निम्म्यालाही पुरत नाहीत. ज्या वाक्याने दश्शी-नव्वी खेळायला लावली, तेच वाक्य इथे राणींच्या जोडीवरही फसतं.

दुसरी पळवाट अशी, की ‘बक्षिसाचं काय ते नंतरचं, बाउंटी हातात पडते.’ हातात पडते, हे खरं आहे, आणि त्या रंगीत चिपेचा स्पर्श मोह घालणारा असतो हेही खरं. पण वरच्या हिशेबात बक्षीस आधीच शक्यतेने गुणून घेतलं आहे. ‘नंतरचं’ असण्याची किंमत त्यात वजा झालेली आहे. ती दुसऱ्यांदा वजा करायचं कारण नाही. करही या भेदाला ओळखत नाही. पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर आयकर सरसकट ३० टक्के (वर अधिभार-उपकर), आणि हरलेल्या स्पर्धांची प्रवेश फी त्यातून वजा होत नाही. ती कमाई बाउंटीची की पहिल्या क्रमांकाची, याने दर बदलत नाही.

तिसरा मुद्दा या मंडळींच्या बोलण्यात कधी येतच नाही: इनाम मिळण्यासाठी समोरच्याइतक्या किंवा त्याहून जास्त चिप्स आपल्याकडे असाव्या लागतात. आपल्याकडे ८,००० आणि ऑल-इन जाणाऱ्याकडे ४०,००० असतील तर जिंकूनही तो बाद होत नाही, त्याच्याकडे ३२,००० उरतात. बाउंटी शून्य. हा डाव पूर्णपणे साध्या स्पर्धेसारखा खेळायचा, आणि लागणारी टक्केवारी इनामामुळे जराही उतरत नाही. उलट आपलं डोकं मात्र त्याच्यासाठी स्वस्त झालेलं असतं. आपण ऑल-इन गेलो तर तो कमकुवत पत्त्यांवरही कॉल करेल, म्हणून थापेवर डाव मारून नेण्याची आपली सोय आटते.

आणि समोरचाही बाहुला नाही. आपल्या डोक्यावर इनाम आहे, आपल्याला सैल कॉल येणार, हे तोही जाणतो. शहाणा छोट्या गठ्ठ्याचा खेळाडू अशा स्पर्धेत थापा कमी करतो आणि बरे पत्ते घेऊनच ऑल-इन जातो. त्यामुळे गणितातली एक बाजू खाली येत असताना दुसरीही खाली येते: लागणारी टक्केवारी उतरते, पण त्याच्या घट्ट झालेल्या पत्त्यांसमोर आपली खरी टक्केवारीही उतरते. इथे कोणते पत्ते टिकतात हे बघण्यासारखं आहे. नवख्याला एक्का-पंजी दश्शी-नव्वीपेक्षा भारी वाटते. समोर कुणीही कसलेही पत्ते घेऊन आला असेल तर ती भारी आहेच. पण समोर एक्का-राजा असेल तर एक्का-पंजी पाव भागाच्या आसपासच जिंकते, कारण तिचा एक्का त्याच्याकडेही आहे. नव्वीची जोडी गुलामांच्या जोडीसमोर तर जेमतेम १९ टक्के. सुरुवातीची ती भरघोस सूट, अट बावीस टक्क्यांवर आणणारी, तीही या जोडीला वाचवत नाही. सैल खेळायचं ठरलं तरी सैलपणा एक्क्याच्या शेजारच्या बारक्या पत्त्यापेक्षा एकमेकांलगतच्या, एकाच रंगाच्या मधल्या पत्त्यांवर खर्च केलेला बरा.

मागे अजून खेळाडू असतील तर गोष्ट आणखी बदलते. ‘सगळेच कॉल करतायत, मीही करतो’ हा युक्तिवाद टेबलावर हमखास ऐकू येतो. ज्या पॉटमध्ये बाद होणाऱ्याच्या शेवटच्या चिप्स आहेत तो पॉट जिंकणाऱ्याला इनाम मिळतं. तिघं त्यात शिरले तर इनाम एकच, दावेदार तीन. चांगले पत्ते असलेला जाणता खेळाडू अशा वेळी नुसता कॉल करत नाही, वरून चढवतो, आणि मागच्यांना हुसकावून डोकं एकट्यासाठी राखतो. सैल कॉल करणारा नेमकं उलट करतो. त्याच्या स्वस्त कॉलमुळे मागच्या दोघांनाही आत यायची लालूच सुटते.

मग चढत्या इनामाच्या स्पर्धा येतात, ज्यांना खेळाडू पीकेओ म्हणतात, आणि तिथे सैल पक्षाला खरा आधार सापडू शकला असता. यात बाद केलेल्याच्या इनामातला निम्मा भाग लगेच हातात येतो आणि निम्मा आपल्याच डोक्यावर चढतो. आपल्या स्पर्धेला हा नियम लावला तर सुरुवातीला हातात येतात २,५०० रुपये, म्हणजे १०,००० चिप्स. पहिल्या डावातली ४२ टक्क्यांची अट २२ वर उतरत नाही, साडेअठ्ठावीसच्या आसपास थांबते. उरलेल्या निम्म्याची किंमत शून्य नाही, पण पूर्णही नाही. तो पैसा आपला व्हायचा तर स्पर्धा जिंकावी लागते, आणि तोवर तो आपल्या डोक्यावर बसून दुसऱ्यांना खुणावत राहतो. तरीही छापील ५,००० बघून पुरे ५,००० मोजणारे टेबलावर कमी नसतात. इनामाची घोषणा ऐकायची, विभागणीचा नियम ऐकायचा नाही, ही सवय मोबाइलवरच्या दोनशे-पाचशेच्या स्पर्धांतली असावी. तिथे बाद झालं की अंगठ्याच्या एका स्पर्शात पुन्हा बसता यायचं, चुकीची किंमत जाणवतच नव्हती.

मिस्ट्री बाउंटीने, म्हणजे जिथे बाद केल्यावर बंद पाकीट उचलायचं आणि इनाम किती ते तेव्हाच कळतं, तर या पाठ केलेल्या वाक्याची पार शोभा केली आहे. २०२२ साली लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये १,००० डॉलर प्रवेशाच्या अशा एका स्पर्धेत मॅट ग्लँट्झ या अमेरिकी खेळाडूला एका बाउंटीच्या बदल्यात दहा लाख डॉलर मिळाले. स्पर्धा जिंकणाऱ्यालाही एवढे मिळाले नाहीत. ही कथा सैल पक्ष डोळ्यांत चमक आणून सांगतो. पण त्याच कथेचे दोन तपशील गाळतो. एक, अशा स्पर्धांत इनामं सहसा पहिल्या पत्त्यापासून लागू नसतात. बरेच खेळाडू गळून गेल्यावर ती सुरू होतात. तोवर कुणाच्याही डोक्यावर काहीही नाही, आणि त्या आधी ‘बाउंटी आहे ना’ म्हणून केलेला कॉल हा निव्वळ फुकट दिलेल्या चिप्स. दोन, ग्लँट्झने दहा लाखांचं इनाम उचललं त्या क्षणी उरलेल्या प्रत्येक डोक्याची सरासरी किंमत खाली आली. त्या आधीच्या हातात योग्य असलेला कॉल पुढच्याच हातात चूक ठरू शकत होता, पत्ते तेच, चिप्स त्याच, समोरचा माणूस तोच असताना. मोठं पाकीट अजून आत आहे की गेलं, हे न विचारता कॉल करणाऱ्याला डावाची किंमतच ठाऊक नसते.

सर्वांत बोलका प्रसंग चार खेळाडूंच्या त्याच टेबलावर घडतो. समजा स्पर्धा पीकेओ आहे आणि ऑल-इन जाणाऱ्याने रात्रभरात पाच-सहा जणांना घरी पाठवून डोक्यावर २०,००० रुपये जमवले आहेत. गठ्ठे सारखे, बक्षिसं तीच. कॉल करून जिंकलं तर हातात लगेच १०,०००. ३८,३३३ मध्ये ते मिळवले की ४८,३३३, आणि लागणारी टक्केवारी ६५ वरून ५२ च्या खाली येते. आता हातात नव्वीची जोडी आहे आणि समोर एक्का-राजा आहे अशी जवळजवळ खात्री आहे. नव्वीची जोडी ५५ टक्के जिंकते. ठरावीक इनामाच्या स्पर्धेत राणींची जोडी टाकायला लागली होती त्याच जागी इथे नव्वीची जोडी स्वच्छ कॉल आहे. आणि सुरुवातीला दुर्री-सत्तीवर मर्दुमकी गाजवणारा नेमका इथे मान हलवतो, ‘एक जण गेला की वीस हजार पक्के’ असं पुटपुटतो, आणि चिप्स मोजत पत्ते डीलरकडे सरकवतो.